कोकणचा लाल कडा नेमका कशाचा?

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाताना एका वळणावर खाली समुद्र उघडतो आणि त्याच्या काठाला उभा लाल कडा दिसतो. या कड्याचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात, आणि हमखास कोणीतरी लिहितं की हा लाल वालुकाश्म. तसं वाटणं साहजिक आहे. दिल्लीचा लाल किल्ला, बदामीची लेणी, आपल्या डोळ्यांसमोर येणारे बहुतेक प्रसिद्ध लाल दगड वालुकाश्माचेच आहेत. कोकणातला हा लाल दगड मात्र जांभा, आणि त्याची जन्मकथा वालुकाश्माच्या बरोबर उलटी आहे.

वालुकाश्म साचून घडतो. नदी, वारा किंवा समुद्र वाळू आणून टाकतो, थरावर थर चढतात, ओझ्याने दबतात, कणांमधल्या फटींत सिलिका, चुना किंवा लोहाचा गंज बसतो आणि वाळूचा दगड होतो. जांभा कुठून वाहत आलेला नाही. तो जागच्या जागी झाला. मुळात तिथे दुसराच दगड होता, काळा आणि घट्ट. पावसाने त्यातलं जे विरघळण्यासारखं होतं ते लाखो वर्षं धुऊन नेलं. जे नेता आलं नाही ते मागे राहिलं, त्याला आपण जांभा म्हणतो.

एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली की कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. कडे का कोसळतात, सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावरच्या, विहिरी मार्चातच का आटतात, त्याच कड्याच्या पायथ्याशी समुद्रालगत गोडं पाणी कसं मिळतं, पावसाळ्यात कातळावर किडे खाणारी फुलं का येतात, या सगळ्याची मुळं तिथेच आहेत.

ओळखायचं कसं

जांभ्याचा नुकता फोडलेला तुकडा हातात घ्या. कडेचा भाग जांभळट तपकिरी, जवळजवळ काळा. आत लाल, मध्येमध्ये पिवळे डाग, आणि सगळीकडे वेड्यावाकड्या नळ्या. काही नळ्या पोकळ असतात, काहींत पांढरट मऊ माती भरलेली असते. काडीने टोकरली तर ती सहज निघते. एकंदर रूप जाळीदार घावनासारखं. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर ते दगडावर थांबत नाही, आत शिरतं आणि खालून कुठूनतरी ठिबकतं. बोट फिरवलं तर लाल पूड बोटाला लागते.

वालुकाश्म हातात घेतला तर तो खरखरीत लागतो. भिंगातून पाहिल्यावर वाळूचे कण एकेक करून वेगळे दिसतात, आणि मोठ्या कड्यात थरांच्या रेघा लांबवर जातात. जांभ्यात कणही नाहीत आणि अशा रेघाही नाहीत. गंमत अशी की दोघांचा लाल रंग येतो एकाच खनिजापासून, हेमेटाइटपासून, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून. वालुकाश्मात त्याचा कणांवर फक्त पातळ लेप असतो. जांभ्यात मात्र तो दगडाचा कणाच आहे. जांभ्यातले पिवळे डाग गोएथाइटचे. तेही लोहाचंच खनिज, पण त्याच्या रचनेत पाण्याचा अंश असतो.

या दगडाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने, केरळातल्या अंगाडिपुरम इथे. ते १८०७ साली छापलं गेलं. तिथल्या खाणीत त्याने पाहिलं की जमिनीत असताना हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्या हवेत ठेवला की कडक होतो. आपल्याकडच्या चिरेखाणीतल्या माणसाला हे सांगायला कुणा बुकाननची गरज नव्हती, पण जगभरच्या भूविज्ञानात ‘लॅटेराइट’ हे नाव रूढ झालं ते तिथून. अंगाडिपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

काळ्याचा लाल होतो कसा

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे पूर आले. एकामागून एक थर पसरत गेले आणि बेसाल्टचं दख्खनचं पठार तयार झालं. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. सह्याद्री म्हणजे या थरांची उतरंड. कोकणाचा बराचसा पाया हाच काळा दगड.

बेसाल्टचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका. बाकी ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि थोडं टायटॅनियम. आता त्यावर पाऊस पडू द्या. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, जमिनीतल्या कुजणाऱ्या पाल्यातून आणखी मिसळतो, आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. हे सौम्य आम्ल खनिजांचे बंध सोडवत जातं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळ्यात आधी निघून जातात. सिलिका सावकाश जाते, पण गरम आणि भरपूर पावसाच्या हवेत तीही जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र हलत नाहीत. ऑक्सिजन मिळाला की त्यांची पाण्यात जवळपास न विरघळणारी ऑक्साइडं होतात आणि ती तिथेच बसून राहतात. मूळ बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं दहा ते चौदा टक्क्यांच्या आसपास. बाकीचं जसजसं जातं तसतसा लोहाचा वाटा वाढत जातो.

पण नुसता पाऊस पुरत नाही, आणि इथेच आपल्या हवामानाचं वैशिष्ट्य कामाला येतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते, उन्हाळ्यात खोल जाते. पाणी भरलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या भागात लोह थोडं विरघळतं आणि वरखाली सरकतं. पाणी उतरून हवा आत शिरली की ते पुन्हा घट्ट होतं. दर वर्षी एक फेरा. लाखो फेऱ्यांनंतर लोहाची जाळी तयार होते, तिच्या भोकांतली माती धुऊन जाते आणि दगड सच्छिद्र राहतो. जिथे लोहापेक्षा ॲल्युमिनियम जास्त जमलं तिथे बॉक्साइट मिळतं. दापोली-मंडणगडच्या बाजूला त्याच्या खाणी आहेत त्या यामुळेच.

चिरेखाणीच्या भिंतीत हे सगळं वरपासून खालपर्यंत वाचता येतं. सगळ्यात वर कठीण, काळपट लोहाचा पापुद्रा. त्याखाली चिऱ्यांचा जांभा, लाल आणि सारखा कापला जाणारा. आणखी खाली लाल-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ भाग. त्याच्या तळाला पांढरट, कधी जांभळट छटेची चिकणमाती, जिला पाणी सहजासहजी पार करता येत नाही. त्याखाली कुजलेला बेसाल्ट, त्यात कधीकधी कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, आणि शेवटी ताजा काळा दगड. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी करताना कापलेल्या टेकड्यांतही हा क्रम दिसतो. गाडी कोणी दुसरं चालवत असेल तर खिडकीतून नुसतं बघत राहावं.

मऊ आणि कठीण भागांतला हा फरक कोकण रेल्वे बांधणाऱ्यांनी चांगलाच भोगला. उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा घट्ट बेसाल्टमधून गेला. त्याच्यापुढे अगदीच लहान असलेल्या गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने मात्र मऊ, पाणी धरलेल्या मातीमुळे वर्षानुवर्षं छळलं.

सडा इतका सपाट का

सागरी महामार्गाने जयगड ते विजयदुर्ग प्रवास केला की एक लय जाणवते. सपाट सडा, मग घाटी उतरायची, खाली खाडी आणि पूल, पलीकडे परत चढ, पुन्हा सपाट सडा. या सड्यांचे माथे मनातल्या मनात जोडले तर समुद्राकडे हलकासा उतार असलेली एकच जुनी जमीन तयार होते. किनाऱ्याजवळ ती पन्नास ते शंभर मीटर उंचीवर, सह्याद्रीकडे जाता जाता दीडशे-दोनशेवर.

ही खरोखरच एकेकाळची सलग, सखल जमीन. तिच्यावर निवांतपणे जांभा तयार झाला. नंतर किनारपट्टी हळूहळू वर उचलली गेली, नद्यांना उतार मिळाला, त्यांनी खोल दऱ्या कापल्या. वरच्या कठीण थरामुळे मधले तुकडे झिजले नाहीत, ते सडे म्हणून उरले. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्या.

महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, आंबोली इथेही जांभाच आहे, पण तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि कोकणातल्यापेक्षा जुना मानला जातो. लाव्हा थंडावल्यानंतर भारताची भूमी उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या उष्ण, दमट पट्ट्यातून गेली. तो काळ या घडामोडीला फार अनुकूल होता.

कोकणातल्या जांभ्याच्या वयाचा एक छान पुरावा त्याच्या खालीच दडलेला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याखाली चिकणमातीचे थर लागतात आणि त्यांत लिग्नाइट, म्हणजे कोळसा होऊ घातलेलं लाकूड, आणि जुन्या झाडांचे परागकण सापडतात. हे थर मायोसीन काळातले, म्हणजे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. आज सड्यावर सावलीला झाड शोधावं लागतं, आणि त्याच्याच पोटात जुन्या जंगलाचे अवशेष आहेत. शिवाय हिशोब सरळ आहे: ज्या थरांचाच जांभा झाला, त्या थरांपेक्षा तो जांभा धाकटाच असणार. म्हणजे निदान काही ठिकाणी तरी हे काम मायोसीनमध्ये किंवा त्यानंतरही चालू होतं.

समुद्र कडा कसा पाडतो

राजापूर तालुक्यात कशेळीला देवघळी नावाची जागा आहे. वरून पाहिलं तर लाल कड्यांच्या बगलेत छोटी पुळण, समोर मोकळा अरबी समुद्र. कोकणातलं लाल-निळ्याचं इतकं थेट दर्शन मला दुसरीकडे क्वचितच झालं आहे. पण खाली उतरल्यावर रंगापेक्षा कड्याची ठेवण बघा.

लाटा वरच्या कठीण थरापर्यंत पोचत नाहीत. त्या पायथ्याशी आदळतात, आणि पायथ्याशी आहे तो मऊ, ठिपक्यांचा भाग आणि चिकणमाती. उधाणाच्या भरतीला, त्यातही आषाढ-श्रावणातल्या उधाणाला, पाणी तिथे आतपर्यंत मारा करतं. माती सुटते, आधी खाच पडते, खाचेची कपार होते, कपारीची गुहा. वरचा जांभा अधांतरी राहतो. तो कठीण असला तरी ठिसूळ आहे आणि त्यात उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी शिरून दगड जड झाला की एखाद्या भेगेवरून अख्खा तुकडा सुटतो. मोटारीएवढे लाल धोंडे पुळणीवर विखुरलेले दिसतात ते असे आलेले. काही काळ तेच धोंडे लाटांना अडवतात, मग झिजतात, आणि पायथा पुन्हा उघडा पडतो.

एक बारीकशी खूण इथे फार उपयोगाची. उघडा जांभा फार दिवस लाल राहत नाही. त्यावर शेवाळं आणि दगडफूल धरतात आणि उन्हात वाळून तो काळा पडतो. म्हणूनच उन्हाळ्यात सडा वरून काळाकुट्ट दिसतो आणि पहिल्यांदा येणाऱ्याला तो बेसाल्टच वाटतो. कड्यावर जिथे रंग लालभडक आणि ताजा आहे, तिथला दगड अलीकडेच सुटलेला आहे. फोटोसाठी सगळ्यात देखणी जागा तीच, आणि खाली उभं राहायला सगळ्यात धोक्याचीही तीच.

पाण्याची दोन तोंडं

इतका पाऊस पडूनही कोकणात टँकर का लागतात, हा प्रश्न दर उन्हाळ्यात विचारला जातो. कारणं अनेक आहेत, पण सड्यावरच्या गावांपुरतं मोठं कारण हा दगड. पाणी तो धरून ठेवत नाही, पुढे पाठवतो. वरून शिरलेलं पाणी नळ्यांतून उतरत चिकणमातीच्या थरापर्यंत जातं. तिथे अडलं की उताराच्या दिशेने आडवं वाहतं आणि कड्याच्या किंवा घाटीच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं. पऱ्ये, वहाळ भरभरून वाहतात आणि पाणी समुद्राला मिळतं. सड्यावरची उथळ विहीर फाल्गुन-चैत्रात तळ दाखवते, आणि उताराखालच्या आगरात, माडा-पोफळींच्या बागेत, विहिरीला पाणी टिकून असतं. कोकणातली जुनी वस्ती आणि देवळं उताराच्या पायथ्याशी का, याचं उत्तर इथे मिळतं.

जयगडजवळ नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ अगदी समुद्रालगत आहे. पुढे खारं पाणी खडकावर फुटत असतं आणि देवळाजवळच्या गोमुखातून बारमाही गोडं पाणी वाहतं. भाविकांना तो देवाचा प्रसाद वाटतो, आणि त्या भावनेबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याचबरोबर हेही सांगावंसं वाटतं की त्या गोमुखातलं पाणी वरच्या सड्यावर पडलेला पाऊस आहे. सडा शाबूत तर झरा शाबूत.

आतून वाहणारं पाणी कधीकधी बारीक माती इतकी धुऊन नेतं की जांभ्याखाली पोकळ्या होतात आणि वरची जमीन अचानक खचते. सड्यावर घर बांधताना पाया कितीही कठीण वाटला तरी खाली काय आहे ते तपासून घ्यावं असं जाणकार गवंडी सांगतात, ते उगीच नाही.

उपाशी जमिनीवरची फुलं

झाडाला हवं असलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम जांभ्यातून कधीच निघून गेलं. नत्र मुरायला मातीचा थरच नाही. असा उपाशी कातळ पावसाच्या पहिल्या सरींनंतर फुलतो, हे कोकणातलं मला सगळ्यात प्रिय दृश्य आहे. जूनमध्ये दीपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात. ही दीपकाडी कोकण-गोव्याच्या जांभ्या कातळांची खास, जगात दुसरीकडे कुठे उगवत नाही. मग पाणी साचलेल्या खळग्यांत गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, भाद्रपदात कवल्याचं पिवळं.

सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ही वनस्पती मांसाहारी. तिच्या पाण्यातल्या भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जातात आणि पचवले जातात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंबही किडे पकडण्यासाठीच. जमीन नत्र देत नाही, तर ते किड्यांकडून घ्यायचं. म्हणजे पावसाने हा दगड धुऊन काढला, आणि त्या धुलाईला झाडांनी शोधलेलं हे उत्तर आहे. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं वाळतं, बिया भेगांत पडून राहतात.

महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुतेक ‘पोटखराबा’ अशी असते. लागवडीला नालायक, एवढाच त्याचा अर्थ. त्याच कातळात सुरुंग लावून खड्डे केले, दुसरीकडची माती आणून भरली आणि कोकणी शेतकऱ्याने हापूसच्या बागा उभ्या केल्या. आंब्याच्या मुळांना पाणी साचलेलं चालत नाही, आणि पाणी साचू न देणं हाच जांभ्याचा गुण.

ज्यावर चित्रं टिकली

जांभ्याचा वरचा पापुद्रा टणक हत्याराने कोरता येण्याइतका नरम आणि शतकानुशतकं टिकण्याइतका कठीण. याचा फायदा माणसाने फार पूर्वी घेतला. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर शेकड्यांनी कातळशिल्पं आहेत: मासे, पक्षी, वाघ, माणसं, चौकटीत भरलेल्या भौमितिक नक्ष्या, आणि आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा. मध्याश्मयुगापासूनच्या काळाशी ती जोडली जातात. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ साली कोकणातली जी नऊ ठिकाणं गेली, त्यांत कशेळी, उक्षी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, रुंढ्ये तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक स्थळ आहे.

देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. जांभ्यात लोह ठासून भरलेलं आहे आणि त्याची काही खनिजं चुंबकीय असतात, हे इतकं स्पष्ट दाखवणारी जागा दुसरी नाही.

किनारा सगळीकडे लाल नाही

उत्तरेला, रायगड जिल्ह्यात, बऱ्याच ठिकाणी काळा बेसाल्ट थेट समुद्राला भिडतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीला खाली उतरलात तर लाटांनी तासलेला सपाट खडक, त्यातले रांजणखळगे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेल्या भिंती दिसतात. ती भोकं मिठाची कामगिरी. दगडातल्या बारीक फटींत खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण उचकटतात. जांभ्याची भोकं आणि ही भोकं दिसायला सारखी, पण घडण अगदी वेगळी.

दक्षिणेला सिंधुदुर्गात बेसाल्टचं पांघरूण विरळ होत जातं आणि खालचे फार जुने दगड वर येतात. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत त्या अशाच प्राचीन खडकांतल्या. आणि ज्यांना कोकणात खराखुरा वालुकाश्म हवाच आहे, त्यांच्यासाठी तोही इथे आहे. बदामीचे लाल कडे ज्या कलादगी खडकसमूहातले आहेत, त्याच समूहाचे वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट सह्याद्रीच्या अलीकडे सिंधुदुर्गात ठिकठिकाणी उघडे पडलेले आहेत. लाव्हा यायच्या कितीतरी आधीचे ते दगड. मधला भाग लाव्हाखाली गाडला गेला आहे.

रत्नागिरी शहरात पांढरा समुद्र आणि काळा समुद्र शेजारी शेजारी आहेत. काळ्या वाळूत साधं लोहचुंबक फिरवा, त्याला काळे कण चिकटून येतील. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोह-टायटॅनियमची जड खनिजं मुळात बेसाल्टमधली. दगड कुजला, नद्यांनी ती समुद्रात नेली आणि लाटांनी हलकी वाळू बाजूला करून जड कण वेगळे जमवले. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त.

चिरा काढला की काय जातं

कोकणातलं घर, गडगा, पाखाडी, विहिरीचं बांधकाम, सगळं चिऱ्याचं. जयगड आणि पूर्णगडाचे तट त्याचेच. पूर्वी टिकावाने चिरा काढायचे, आता यंत्राची पाती एका दिवसात पूर्वीच्या महिन्याचं काम करतात. अनेक घरांची चूल यावर पेटते आणि चिऱ्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, हे मला माहीत आहे. तरी खाणीचा हिशोब पूर्ण मांडायला हवा. पाणी आत घेणारा थर कापून नेला की खाली उरते ती पाणी न झिरपणारी चिकणमाती. पावसाळ्यात त्या खड्ड्यात डबकं साठतं, आणि उताराखालच्या झऱ्याला जे पाणी मिळायचं ते कमी होतं. वरचा पापुद्रा गेला की दीपकाडी गेली, आणि तिथे कातळशिल्प असेल तर तेही गेलं. बेसाल्टचा जांभा व्हायला लागलेला वेळ पाहता, आपल्यापुरता हा दगड पुन्हा तयार होणार नाही. निदान खाणीला जागा देण्याआधी ग्रामपंचायतीने त्या सड्याखाली कोणते झरे आहेत आणि सड्यावर काय कोरलेलं आहे याची नोंद करून घ्यावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना हे सगळं ठाऊक असतं.

हा किनारा बघायला जायचं तर दोन वेळा साधाव्यात. फुलांसाठी आणि सड्यावरच्या तळ्यांसाठी जुलै ते सप्टेंबर, आणि त्या दिवसांत कड्याच्या टोकापासून आणि पायथ्यापासून लांब राहायचं. कड्याची रचना जवळून बघायला डिसेंबर-जानेवारी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हा खडक जास्तीत जास्त उघडा पडतो. पण त्याच दिवसांत भरतीही तितकीच वर चढते, म्हणून गावातल्या कोळ्याला वेळ विचारूनच खाली उतरावं आणि पाणी फिरायच्या आत वर यावं.